समोर एवढी मोठी ताकद उभी असताना देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

मोगरा_नगर

नमस्कार मंडळी. धागा धार्मिकमध्ये टाकावा की सामाजिकमध्ये ते कळेना, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवा.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. शाळेच्या वाटेवर देशी दारूचं परवाना असलेलं दुकान आहे. ते बंद व्हावं म्हणून आम्ही बायका आडवी बाटली-उभी बाटलीचं मतदान मागतोय (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू). त्याला आधी गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. सह्या गोळा होत आल्या आणि मग एकेक घरी निरोप जायला लागले. कुणाच्या नवऱ्याची उधारी काढली, कुणाला ऊसतोडीची उचल मिळणार नाही म्हणून सांगितलं, कुणाला नुसतंच "पोरं कोणत्या रस्त्याने शाळेत जातात ते माहितीये आम्हाला" असं. दुकानवाल्याच्या मागे पैसा आहे, माणसं आहेत, वर ओळखी आहेत. आमच्याकडे बचत गटाचं रजिस्टर आणि एक स्टॅम्प पॅड.

रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या हिज्कीयावर, यहूदाच्या राजावर, उपदेश केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची तटबंदीची गावं एकामागून एक घेत यरुशलेमपाशी आला. त्याचा अधिकारी रब्शाके तटाखाली उभा राहून ओरडून सांगतोय की मी तुम्हाला दोन हजार घोडे देतो, बसायला स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? राजाची माणसं त्याला म्हणतात बाबा अरामी भाषेत बोल, आम्हाला समजते, तटावर लोक बसलेत त्यांच्यासमोर त्यांच्या भाषेत नको. तो म्हणतो मी त्यांनाच तर सांगायला आलोय. आणि मग मुद्दाम त्यांच्याच भाषेत, हिज्कीयाचं ऐकू नका, कुठल्या देशाच्या देवाने आमच्या राजाच्या हातून आपला देश सोडवलाय, तुमचा कोण लागून गेला? लोक गप्प राहतात, कारण राजाने सांगितलेलं असतं उत्तर द्यायचं नाही. पुढे धमकीचं पत्र येतं, हिज्कीया ते वाचतो, देवळात जातो, देवापुढे उलगडून ठेवतो आणि प्रार्थना करतो. त्या रात्री अश्शूरी छावणीत १,८५,००० माणसं मरतात आणि सन्हेरीब परत जातो.

मी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे ही आणि मी ती मानते. पण आज मला त्यातून काय घ्यायचं ते कळत नाहीये. पत्र उलगडून ठेवायचं आणि गप्प बसायचं? की सह्या गोळा करत राहायचं? आमच्यातल्याच एक जण म्हणाल्या, आता देवावर सोडा, आपलं काम झालं. दुसऱ्या म्हणाल्या, देव काय सह्या करायला येणारे का. दोघीही रोज प्रार्थना करणाऱ्या. तुमचे अनुभव सांगा. फक्त "सकारात्मक राहा" नको, ते खूप जणांनी सांगून झालंय.

इंद्रायणीकाठ

रामकृष्णहरी ताई. हिज्कीया राजा मला नवीन आहे, पण तुमची गोष्ट वाचताना आमचे तुकोबाच डोळ्यासमोर आले. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी सांगितलं की तुला हा अधिकार नाही, लिहिलेलं सगळं नदीत बुडव. तुकोबांनी वह्या इंद्रायणीत सोडल्या आणि तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्याशिवाय पांडुरंगाला धरणं धरून बसले. वह्या वर आल्या. ती शिळा देहूच्या देवळात आहे, जाऊन हात लावून या कधीतरी.

मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं आहे. ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या तेच रामेश्वर भट पुढे तुकोबांचे शिष्य झाले, तुकोबांची आरती त्यांनी लिहिली, आजही कीर्तनानंतर आपण म्हणतो ती. शत्रू मरून पडला नाही, शत्रू माळ घालून शेजारी येऊन बसला. माझ्या मते देवाची ताकद ही. तुमच्या दुकानवाल्यासाठीसुद्धा दोन शब्द मागा पांडुरंगाकडे.

ठाणेकर_काकू

वाचतेय. हा धागा शंभरी गाठणार, चहा टाकते. मोगरा, पोरांना शाळेत एकटं पाठवू नका, गटाने पाठवा. बाकीचं नंतर.

तर्कशुद्ध

ताई, आधी सांगतो की मी देव मानत नाही आणि तुमच्या लढ्याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. दोन्ही मनापासून.

इंद्रायणीकाठ, वह्या वर आल्या यावर माझं म्हणणं असं की त्या लोकांच्या तोंडी होत्या म्हणून वर आल्या. गावोगाव अभंग पाठ होते, चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखी लिहून ठेवणारी माणसं होती. वही बुडवता येते, शेकडो माणसांच्या तोंडातलं कसं बुडवणार? आणि अश्शूरी छावणीचं म्हणाल तर त्या काळात वेढा घालून बसलेल्या सैन्यात साथ येणं नेहमीचं होतं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सन्हेरीबाच्याच सैन्याची एक गोष्ट इजिप्तच्या बाजूने सांगितलीये, रात्रीत उंदरांनी धनुष्याच्या दोऱ्या, भाते, ढालींचे पट्टे कुरतडून टाकले आणि सकाळी सैन्य निःशस्त्र. उंदीर आणि साथ हे जोडून बघणारे अभ्यासक आहेत.

मुद्दा असा की ताकद माणसांच्या एकत्र असण्यात होती. तिला देवाचं नाव दिलं की कष्ट करणाऱ्यांचं श्रेय जातं, आणि हरलो तर "श्रद्धा कमी पडली" म्हणून त्याच बायकांना बोल लागतो. हे मी जवळून पाहिलंय म्हणून बोलतोय.

बाप्पाचा_भक्त

उंदीर!!! म्हणजे आमच्या बाप्पाचं वाहन तिकडेपण ड्युटीवर होतं तर 😀

इंद्रायणीकाठ

@तर्कशुद्ध, शेकडो लोकांच्या तोंडी अभंग बसले ते कशामुळे हो? दुष्काळात बायको आणि मूल गेलं, धंदा बसला, आणि त्या माणसाने आपल्या वाट्याची कर्जखतं नदीत बुडवून लोकांना मोकळं केलं. लोकांनी तोंडपाठ केलं कारण माणूस खरा होता, आणि तो खरा होता कारण पांडुरंग त्याच्यासाठी खरा होता. मधलं काढून टाकलंत तर साखळी तुटते. तुम्हाला उंदीर चालतात, मला पांडुरंग चालतो, वही वर आली एवढ्यावर तरी आपलं एकमत आहे.

सांगलीकर_लंडनहून

मोगराताई, तुमच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग इथे ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतीवर लावलाय, तो सांगतो. लांबणार आहे.

सन्हेरीबाने आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात एक अख्खी खोली कोरून घेतली होती, लाखीश जिंकल्याची. लाखीश म्हणजे यहूदातलं यरुशलेमच्या खालोखाल महत्त्वाचं तटबंदीचं शहर. बायबलमध्येही सन्हेरीब लाखीशला असताना हिज्कीयाने त्याला खंडणी पाठवल्याचं आहे. ते दगडी पट्टे इथे आहेत. एका बाजूला तटावर चढणारे सैनिक, वरून जळत्या मशाली फेकणारे लोक. पुढे गेलं की खांबांवर खुपसलेली माणसं. आणि त्याच्याही पुढे बैलगाड्या. सामान भरलेल्या गाड्यांवर बायका आणि लहान पोरं बसलीयेत, बैलांच्या बरगड्यासुद्धा मोजता येतील अशा कोरल्यात. गाव सोडून चाललेली कुटुंबं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्याकडचे दुष्काळात बाहेर पडलेले लोक आठवले आणि पाय निघेना. सगळ्यात शेवटी सन्हेरीब सिंहासनावर बसलाय. त्याचा चेहरा मात्र फोडलेला आहे, मुद्दाम. इ.स.पू. ६१२ ला निनवे पडलं तेव्हा कोणीतरी फोडला असावा म्हणतात.

त्याच म्युझियममध्ये त्याचा मातीचा सहा बाजूंचा लेख आहे. त्यात तो लिहितो की मी हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेममध्ये कोंडला. कोंडला. घेतलं असं लिहीत नाही. एवढा बढाईखोर राजा, आणि यरुशलेम जिंकलं हे वाक्य त्याला लिहिता आलेलं नाही. म्हणजे शहर वाचलं हे त्याच्या शत्रूच्याच नाही, त्याच्या स्वतःच्या तोंडून आलंय.

पण माझा प्रश्न लाखीशचा आहे. तिथल्या आयांनी प्रार्थना केल्या नसतील? देव तोच, शत्रू तोच, वर्ष तेच. यरुशलेम वाचलं, लाखीशच्या पोरी बैलगाडीत बसून परमुलखात गेल्या. यावर तुमचे पाळकसाहेब काय म्हणतात ते मला खरंच ऐकायचंय. खोडी म्हणून विचारत नाहीये, मीही रोज देवापुढे दिवा लावतो.

मोगरा_नगर

@सांगलीकर_लंडनहून, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप केलं नाही. बैलगाड्यांचं मला माहीतच नव्हतं. विचारते साहेबांना.

मला स्वतःला एवढंच सुचतं की लाखीशच्या बायकांनी मागितलं नसेल असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी मागितलंच असणार. आणि त्यांची श्रद्धा कमी होती असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. @तर्कशुद्ध, इथे मी तुमच्या बाजूने.

मंगळवेढेकर

लाखीश कशाला, आमच्याकडे या. चोखोबा आमच्या गावचे. आयुष्यभर विठ्ठल विठ्ठल केलं, देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही कोणी. शेवटी गावकुसाच्या कामावर वेठीला लावलं, भिंत कोसळली आणि खाली गाडले गेले, १३३८ साली. देवाने भिंत धरून ठेवली नाही. नामदेवराय आले, ढिगाऱ्यातून हाडं शोधली, ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची असं आम्ही मानतो, आणि ती नेऊन पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी केली. आजही माणूस आधी नामदेव पायरी आणि चोखोबांना नमस्कार करतो, मग आत जातो.

माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिला कधी कोणी विचारलं की मग देवाने वाचवलं का नाही, तर ती फक्त म्हणायची, "चोखोबाने सोडलं नाही ना त्याला? मग." तिचं "मग" मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही पण मी त्याच्यावरच चाललोय.

निळी_पहाट

मंगळवेढेकर दादा, तुमच्या आजीबद्दल आदर ठेवून लिहितो. चोखोबांनी सोडलं नाही, मान्य. पण मधल्या सहाशे वर्षांत दार उघडलं का?

२ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर आमची माणसं उभी राहिली. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड पुढे. रामनवमीला दोन्हीकडच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं, ऐनवेळी तो ठराव मोडला आणि दगड आले. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, लोकांची कामं गेली, गावात वाळीत टाकलं. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ ला नागपुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

माझे पणजोबा त्या सत्याग्रहात होते असं घरी सांगतात. आमच्या घरात भरवसा हा शब्द देवाबद्दल वापरला जात नाही, माणसाच्या आत्मसन्मानाबद्दल वापरला जातो. मोगराताई, तुम्ही प्रार्थना करता त्याला माझा विरोध नाही. फक्त एक सांगतो, काळारामच्या दारात उभ्या राहिलेल्या बायकांनी दार उघडेल या खात्रीने दगड झेलले नाहीत. आपण माणूस आहोत हे समोरच्याला बघावं लागेल म्हणून झेलले. समोरची ताकद केवढी आहे याचा हिशेब त्यात येतच नाही.

इंद्रायणीकाठ

@निळी_पहाट तुमच्या पणजोबांना नमस्कार. यावर मी वाद घालणार नाही.

बोगदेवाला

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी सिव्हिलवाला, आयुष्य बोगद्यांत गेलं, म्हणून हिज्कीयाचं नाव दिसल्यावर थांबलो. तुम्ही सगळे पत्राचं बोलताय, बोगद्याचं कोणीच नाही!

या राजाने वेढा पडायच्या आधी पाण्याचा बंदोबस्त केला होता. गीहोन झरा तटाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे शत्रू आला की पाणी त्याचं. म्हणून याने अखंड खडकातून सुमारे ५३३ मीटर बोगदा खणून पाणी शहराच्या आत शिलोहाच्या तळ्यात आणलं. बायबलमध्येही याचा उल्लेख आहे, बाहेरचे झरे बुजवले तेही आहे. आणि खणला कसा? दोन्ही तोंडांकडून! आज आम्ही टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून, रोज सर्व्हे करून दोन हेडिंगं, म्हणजे दोन्हीकडून खणत आलेली टोकं, जुळवतो तरी भेटायच्या दिवशी साइटवर कोणाला जेवण जात नाही. त्यांच्याकडे टिकाव आणि तेलाचे दिवे. बोगदा सरळ नाही, नागमोडी आहे, आणि मधे जिथे दोन टोळ्या भेटल्या तिथे वळणं घेऊन एकमेकांना शोधल्याच्या खुणा आहेत. १८८० मध्ये आत भिंतीवर कोरलेला लेख सापडला, तो आता इस्तंबूलला आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. लिहिलंय काय तर थोडंच अंतर उरलं तेव्हा पलीकडून माणूस हाक मारतोय ते ऐकू आलं, मग टिकावासमोर टिकाव चालला आणि पाणी वाहिलं.

कोकण रेल्वेच्या वेळी पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने आमच्या लोकांचा जीव काढला होता. खणावं तेवढं वरून खाली येत होतं. तिथे रोज पाळी सुरू व्हायच्या आधी तोंडापाशी नारळ आणि उदबत्ती, आणि ख्रिश्चन कामगार क्रूस करायचे. नारळ फोडला म्हणून सपोर्ट कमी लावला असं कधी झालं नाही हो. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

ताई, पत्र उलगडणारा आणि बोगदा खणणारा राजा एकच आहे.

ठाणेकर_काकू

बोगदेवाला, पेडण्यावर वेगळा धागा काढा ना प्लीज. आम्ही दर गणपतीला त्यातून जातो.

केडगाव_पॅसेंजर

बोगदेवाला +१. पण हिज्कीयाबद्दल अजून एक राहिलं जे उपदेशात सहसा सांगत नाहीत. बोगदा आणि पत्र यांच्यामध्ये त्याने पैसे देऊनही पाहिलं. बायबलमधलं २ राजे, अध्याय १८ वाचा, ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं, त्यासाठी देवळाच्या दारांवरचं सोनं खरवडून दिलं. सन्हेरीबाने पैसे घेतले आणि तरी सैन्य पाठवलंच. म्हणजे तडजोड करून झाली, मग तो माणूस देवळात गेला. मला ही गोष्ट त्याच्यामुळेच खरी वाटते. मोगराताई, तुमच्या गावात कोणी "थोडं मिटवून घ्या, दुकान शाळेपासून जरा लांब सरकवतो" असं म्हणत आलं असेल तर हे ध्यानात ठेवा.

आणि आमच्या पंडिता रमाबाई. केडगावला राहणाऱ्याने त्यांचं नाव घेतल्याशिवाय कसं व्हायचं. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लवकर गेला, पदरात मुलगी. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, मग पुण्यात आणलं. ख्रिस्ती झालेली बाई मुलींना बाटवते म्हणून १८९३ मध्ये एवढा गदारोळ झाला की सल्लागार मंडळातल्या मोठमोठ्या सुधारकांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. पेपर विरोधात, समाज विरोधात. दुसरीकडे ज्या इंग्रज धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीही यांचा धर्मावरून वाद, कारण बाई कोणाचंच मुकाट ऐकायच्या नाहीत. आणि तीनच वर्षांत दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात जाऊन तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आली. केडगावला जमीन होती तिथे त्यांना ठेवलं, विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना. शेवटी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं, त्याची छपाईही तिथल्याच बायकांनी केली. पैसा कुठून येणार हे दर वेळी आधी माहीत असायचं असं नाही. प्रार्थना करायच्या, आणि सकाळी कामाला लागायच्या.

त्यांचं ते मुक्ती मिशन अजून चालू आहे. दौंड लाइनला गाडी थांबते, येऊन बघा.

चिमूरकर

मोगराताई मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या चिमूरहून २०१० मध्ये हिवाळी अधिवेशनाला बायका पायी नागपूरला गेल्या होत्या दारूबंदीसाठी. पायाला फोड आलेल्या बायकांच्या हातात मी पाणी दिलंय. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती, आम्हालाही पाहिजे होती. २०१५ मध्ये मिळाली. गावात दिवाळीसारखं वातावरण. आणि २०२१ मध्ये काढून घेतली.

ज्या दिवशी उठवल्याची बातमी आली त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास गेला नाही, माणसांवरचा गेला. थोडे दिवसच. मग आमच्या गटातली एक म्हातारी, वाचता न येणारी, ती म्हणाली "सहा वर्सं माह्या पोरगा सुधा (न पिता) घरी आला, ते का खोटं व्हतं का". त्या सहा वर्षांत तिच्या नातीचं लग्न झालं, घरावर पत्रे पडले. ते कोणी काढून घेऊ शकलं नाही.

म्हणून मी सांगलीकरांच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही पण एवढं सांगते की जिंकणं हे एकदाच होऊन संपत नाही आणि हरणंही नाही. तुम्ही सह्या थांबवू नका.

पंढरीचा_पोर

@निळी_पहाट @मंगळवेढेकर, तुमच्या दोघांच्या मधली एक गोष्ट पंढरपुरात घडलीये. साने गुरुजी. महिनोनमहिने महाराष्ट्रभर फिरले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं करा म्हणून. बडवे तयार नाहीत, सनातनी विरोधात, त्यांच्याच बाजूच्या बऱ्याच लोकांना वाटायचं की स्वातंत्र्य दारात आलेलं असताना हे आत्ता कशाला. १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. १० मे ला सुटलं, देऊळ उघडायचं कबूल झालं तेव्हा. तो मठ अजून आहे, दर्शनाला आलात तर दाखवतो.

गुरुजी देव मानणारे, आणि देवाच्याच दारात, देवाच्याच सेवेकऱ्यांविरुद्ध बसले. चोखोबांना सहाशे वर्षं थांबावं लागलं हे खरंच आहे आणि लाजेचं आहे. नाशिकला लोकांनी दगड खाल्ले नसते तर पंढरपूरला १७ वर्षांनी हे झालं असतं का, मला नाही वाटत. पण मठात जागा देणारा एक वारकरी महाराज होता हेही तितकंच खरं आहे.

निळी_पहाट

@पंढरीचा_पोर, हे तुम्ही लिहिलंत ते बरं वाटलं. नाशिकचं नाव सहसा पंढरपूरच्या गोष्टीत कोणी घेत नाही.

सकाळचा_वारा

मला कोणी सांगेल का की किक्कार म्हणजे किती किलो?

केडगाव_पॅसेंजर

@सकाळचा_वारा साधारण तीसेक किलो धरा. सन्हेरीबाच्या लेखात सोनं तेवढंच, ३०, पण चांदी ८०० लिहिलीये. देणारा कमी सांगतो, घेणारा जास्त.

मोगरा_नगर

सगळ्यांना एकत्रच लिहिते, आज वेळ मिळाला.

काल बाजाराच्या दिवशी दुकानवाल्याची माणसं स्पीकर लावून रिक्षात फिरली. नावं घेऊन बोलले नाहीत, पण "ज्या बायकांना घरातलं सांभाळता येत नाही त्या गाव सुधारायला निघाल्यात" असं, आणि "देवाच्या नावाने राजकारण करणाऱ्यांना ओळखा". आमच्याच बोलीत, आमच्याच म्हणी वापरून. रब्शाकेचं मी वरती सहज लिहिलं होतं, काल भाजीच्या पाटीशी उभी राहून ऐकलं. आमच्यातली एक तडकून उत्तर द्यायला निघाली होती, तिला दोघींनी धरून ठेवलं. कोणी काही बोललं नाही. रिक्षा दोन फेऱ्या मारून गेली. मग आम्ही गप्प उभ्या आहोत हे बघून एक म्हातारी, जी इतके दिवस सही नको म्हणत होती, ती आपणहून आली आणि म्हणाली पॅड कुठंय. अंगठा लावला तिने तिथेच, मिरच्यांच्या ढिगाशेजारी.

मी याला चमत्कार म्हणते. @तर्कशुद्ध तुम्ही त्याला दुसरं काही म्हणाल, चालेल.

पाळकसाहेबांना लाखीशचं विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाले, देव यरुशलेमचा जेवढा तेवढाच लाखीशचा, आणि मला याच्यापुढचं सांगता येत नाही, पण बैलगाडीतल्या त्या बायकांसाठी पुढच्या रविवारी प्रार्थना करू. सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या बायकांसाठी! मला ते फार पटलं. आमच्याकडे गुरुवारी बायकांची प्रार्थना असते, त्याच वेळी मारुतीच्या देवळात हरिपाठ. या गुरुवारी दोन्ही संपल्यावर सगळ्या जणी शाळेच्या ओट्यावर बसणार आहोत, याद्या घेऊन.

मिटवून घ्यायचा निरोपही आलाय, केडगावकर, अगदी तुम्ही म्हणालात तसाच. दुकान सरकवतो म्हणे. आम्ही नाही म्हटलं. देवळाच्या दारावरचं सोनं आमच्याकडे नाहीच द्यायला.

भीती वाटते, खोटं कशाला सांगू. रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून बघते. पण उठून बघितल्यावर परत झोप लागते, आधी लागत नव्हती.

इंद्रायणीकाठ

त्या म्हातारीला आमचा दंडवत सांगा. बीजेला देहूला याल तेव्हा आमच्याकडे उतरा, सगळ्या जणी.

तर्कशुद्ध

ताई, नाव तुम्ही ठेवा, मी कामाचं बोलतो, कारण हरण्याची खरी जागा तिथे आहे.

मतदानाच्या दिवशी आलेल्या बायकांपैकी निम्म्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी आलीच नाही तिचं मत आपोआप दुकानाला. त्यामुळे यादी घेऊन बसणार आहात ते फार उत्तम, पण नुसत्या सह्यांसाठी बसू नका. यादीत वारलेल्या बायका किती आहेत, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली किती आहेत ते शोधा. ती नावं तशीच राहिली तर तीही तुमच्या विरोधात धरली जातात. नाव कमी करायला फॉर्म ७. बाहेरून आलेल्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत असेल तर इकडे आणायला फॉर्म ८, आणि कुठेच नसेल तर फॉर्म ६. बीएलओला (मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) धरा. सह्यांची पडताळणी करायला अधिकारी येतात तेव्हा सही केलेली बाई समोर लागते, त्या दिवशी कोणाची मजुरी बुडणार आहे ते आधीच बघून ठेवा. नियम बदलत राहतात म्हणून राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात लेखी विचारा आणि पोच घ्या. धमक्यांची तारीख-वेळ लिहून पोलिसांत अर्ज द्या, त्याचीही पोच.

उसाच्या तोडीला गेलेल्या बायका कधी परततात? मतदान त्याच्या आधी लागलं तर फार नुकसान आहे.

चिमूरकर

हो हो, तोडीचं फार महत्त्वाचं आहे. अर्जातच तसं नमूद करून तारीख मागा. मोगराताई मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या अर्जाचा नमुना पाठवते.

मोगरा_नगर

पाडव्याच्या आसपास परततात. व्यनि केलाय ताई. फॉर्म ७ चं आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं, गुरुवारी तेच पहिलं घेते.